उरलेला करंट

थोरलीने सरावाच्या लाकडी पाटीवरचं बटण बंद केलं. बल्ब विझला. बाकीच्यांनी केव्हाच होल्डर उघडून वायरी सोडवायला घेतल्या होत्या. ही मात्र दोन्ही हात मागे बांधून पाटीकडे बघत उभी. ओठ तेवढे हलत होते.

"काय पुटपुटताय, ताई?" सरांनी विचारलं. "पाढे म्हणताय का?"

"मोजतेय."

"काय मोजताय?"

"वीसपर्यंत. आतला उरलेला करंट जाऊ दे, मग हात लावते."

वर्गात खसखस पिकली. दुपारचा वर्ग होता तो, शाळेची जुनी प्रयोगशाळा मागून घेतलेली. वायरमनचं पहिलं शिक्षण घ्यायला आलेली पंधरा-वीस माणसं, त्यात बायका दोनच. सर वीजखात्यातून निवृत्त झालेले, खडू कानाच्या मागे खोवायची सवय, आणि विनोद केल्याशिवाय धडा पुढे सरकायचा नाही असा त्यांचा बाणा.

"उरलेला करंट म्हणजे काय हो? कालची उरलेली भाजी असते, तसा?"

"नळ बंद केला तरी पाइपात पाणी उरतं ना? तसा." थोरलीला हसण्याचं काही वाटलं नाही. "गेल्या आठवड्यात तुम्हीच नाही का सांगितलंत? व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे वाहणारं पाणी, रेझिस्टन्स म्हणजे अरुंद पाइप."

सरांनी कानामागचा खडू काढला, पुन्हा खोवला. आपलीच उपमा आपल्या अंगावर आली की मास्तर लोकांचं असंच होतं.

"पाण्याची गोष्ट तिथपर्यंतच खरी," ते म्हणाले. "पुढे ती सोडून द्यायची." त्यांनी टेबलावरचा सुटा वायरीचा तुकडा उचलला, कात्रीने मधोमध कापला आणि दोन्ही टोकं सगळ्यांपुढे धरली. "पाइप कापला तर पाणी सांडतं. हिच्यातून काही सांडलं का? करंट ही वायरीत भरून ठेवलेली वस्तू नाही. ते चालणं आहे. फेजकडून निघायचं, बल्बमधून जायचं, न्यूट्रलने परत यायचं, असा रस्ता पुरा असेल तरच चालणं. बटण बंद केलंत, रस्ता तुटला, चालणं थांबलं. आता मला सांगा ताई, तुम्ही रस्त्यात थांबलात तर तुमचं चालणं पायात उरतं का?"

पुन्हा हशा. थोरलीही हसली असती, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"माझे मिस्टर गेले ना त्यानेच."

हसणं जागच्या जागी विरलं. मागच्या बाकावरच्या एकाने हातातली पक्कड अगदी हळू खाली ठेवली.

सर जवळ आले. आवाज खाली आणून त्यांनी एकेक विचारलं, आणि तिने सांगितलं. गोदाम होतं. ट्यूब बसवत होते. लोखंडी शिडी. मेन स्विच बंद केलेला होता, तरी वायर लांब असल्यामुळे तिच्यात करंट उरला होता.

"किती लांब?"

"गोदामाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"ताई, मैलोन् मैल गेलेली मोठ्या दाबाची केबल असते ना, तिच्यात राहतो थोडा चार्ज. तिला आम्ही आधी अर्थला टेकवतो, मगच हात लावतो. ट्यूबच्या पट्टीत कंडेन्सर असतो, त्याचा एखादा चटका बसेल. माणूस जाणार नाही त्याने." त्यांनी खिशातला टेस्टर काढून तिच्या हातात दिला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बघा."

तिने बटण चालू करून टेस्टर टेकवला. आतला तांबडा ठिपका पेटला. बटण बंद. ठिपका गेला. कमी कमी होत नाही, विचार करून नाही, गेलाच. तिने पुन्हा केलं. पुन्हा गेला. किती वेळा केलं कोण जाणे, शेवटी वर्गातल्या दुसऱ्या बाईने, शेजारी बसणाऱ्या शिवणवालीने, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग असं होऊच शकत नाही का?" थोरलीने विचारलं.

"होतं ना. मेन बंद असताना दुसरीकडून सप्लाय आला तर होतं. तिथे जनरेटर होता का? इन्व्हर्टर?"

"माहीत नाही."

"असेल," सर म्हणाले. मग टेस्टर परत घेत, "हे उरलेल्या करंटचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"माझ्या दिरांनी. ते वायरमनच आहेत. आमचं दुकान आहे."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "गैरसमज असेल काहीतरी," आणि फळ्याकडे वळून त्यांनी पुढचा धडा काढला. रोज विनोद करणाऱ्या माणसाने त्या दिवशी तास संपेपर्यंत एकही विनोद केला नाही.

घरात तिला थोरली म्हणत. थोरल्याची बायको म्हणून थोरली. धाकटी यायची होती, ती अजून आलीच नव्हती. धाकट्यासाठी मुली बघायचं काम थोरलीकडेच होतं आणि धाकटा प्रत्येक मुलीत खोट काढत होता. एकीचं हसणं मोठं, दुसरीचं बोलणं मोठं. "तुम्हाला बायको हवीय की पंख्याचं बेअरिंग? आवाजच नको म्हणता!" असं म्हणून थोरली त्याची टर उडवायची आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

चार वर्षांपूर्वी दोघे भाऊ त्या गोदामात कामाला गेले आणि एकटा धाकटा चालत परत आला. इस्पितळाच्या जिन्यात थोरलीने त्याला एकच विचारलं होतं, बंद होतं ना? हो म्हणाला, मेन मीच बंद केला होता. मग कसं झालं? धाकटा भिंतीला टेकत टेकत खाली बसला. तिथूनच म्हणाला, "करंट उरला होता, वहिनी. लांब वायर होती. लांब वायरीत जास्त उरतो."

म्हणजे कोणाचीच चूक नव्हती. ह्या एका गोष्टीवर थोरलीने चार वर्षं काढली. रागावायला कोणी नव्हतं, म्हणून ती कोणावर रागावली नाही. उलट धाकट्याकडे बघून तिचं काळीज तुटायचं, बिचाऱ्याच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला. तिने त्याच्या पानात गरम वाढलं, तो दुकानातून यायला उशीर झाला तर दारात उभी राहिली, शेजारीपाजारी कोणी कुजबुजलं तर त्यांची तोंडं तिनेच बंद केली.

आणि मुलीला जपलं. भिंगरी तेव्हा सहा वर्षांची होती. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणत. तिला थोरलीने नियम घालून दिला: इस्त्री असो, मिक्सर असो, पंखा असो, बटण बंद केलं की वीसपर्यंत मोजायचं, तोवर हात लावायचा नाही. पोर नियमाला इतकी पक्की निघाली की शाळेतसुद्धा दिव्याचं बटण बंद केलं की भिंतीपासून लांब जाऊन मोजत उभी राहायची. मुली चिडवायच्या. घरी येऊन रडायची, पण मोजायची. तेव्हा धाकटा तिच्या शेजारी जाऊन उभा राहायचा, तिचं बोट धरायचा आणि तिच्याबरोबर मोठ्याने मोजायचा. एक, दोन, तीन. थोरली स्वयंपाकघरातून ते ऐकायची आणि तिला वाटायचं, बाप गेला तरी पोर उघड्यावर पडली नाही.

वर्गाला जायचं ठरलं तेव्हा धाकट्याने नाही म्हटलं नव्हतं. फक्त "शिकून काय करणार, वहिनी? मी आहे ना," असं तीनचारदा म्हणाला होता. तेही तिला मायेचंच वाटलं होतं.

वर्ग सुटल्यावर ती घरी न जाता दुकानाकडे चालू लागली. डोक्यात एकच होतं, जनरेटर. देवा, तिथे जनरेटर असू दे. मोठा, धूर ओकणारा, कानठळ्या बसवणारा जनरेटर असू दे. भाऊजींना ते समजलं नसेल. घाबरलेला माणूस, भाऊ समोर पडलेला, त्याला काय सुचणार, सुचलं ते बोलला. असं स्वतःला समजावत ती इतकी भरभर चालत होती की दुकानाच्या पायरीशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

धाकटा टेबलफॅन उघडून बसला होता. तांब्याची बारीक तार बोटांतून सोडत वळसे घालत होता. तिला बघून त्याने पायाने स्टूल पुढे सारलं.

"लवकर सुटला आज वर्ग? की बाईसाहेबांना हाकलून दिलं?"

"भाऊजी, त्या गोदामात जनरेटर होता का?"

बोटांतली तार थांबली.

"का हो?"

"सर म्हणाले, मेन बंद असताना असं होतं ते दुसरीकडून सप्लाय आला तरच. म्हणून विचारतेय. होता का?"

धाकट्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचे सगळे ताण एकदम सैल पडले. भिंगरीने काही फोडलं आणि मांजराचं नाव सांगितलं, आणि ते मोठ्यांना पटलं, की भिंगरीचा चेहरा असा व्हायचा.

"होता ना!" तो म्हणाला. "होता, होता. मागच्या बाजूला होता. चांगला मोठा. वॉचमनने चालू केला असणार मला न विचारता. त्याचंच झालं असणार ते, आता लक्षात येतंय."

थोरलीला हवं होतं तेच उत्तर मिळालं. आणि मिळाल्या क्षणी तिला कळलं की ते खोटं आहे. तिने दुकानाच्या फळीला हात टेकला.

"मग चार वर्षं उरलेला करंट का सांगत होतात?"

तो तार पुन्हा रिळावर गुंडाळू लागला.

"एवढा मोठा जनरेटर होता तर त्याचं नाव आज पहिल्यांदा कसं निघालं? तेही मी काढल्यावर?"

"बसा ना, वहिनी."

"उभी आहे तीच बरी आहे."

तेवढ्यात एक बाई बिघडलेला मिक्सर घेऊन आली. धाकटा उठला नाही. थोरलीनेच मिक्सर घेतला, फळीवर ठेवला, "उद्या बघू हं," म्हणाली. बाई गेली. धाकट्याने तारेचं रीळ खाली ठेवलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं, त्याने धरलं नाही.

"मीच चालू केला," तो म्हणाला.

थोरलीने ऐकलं होतं. तरी ती म्हणाली, "काय?"

"मेन. मीच चालू केला. आमची पद्धत होती, खालच्याने आधी ओरडायचं, 'लावतो रे', आणि वरच्याने 'लाव' म्हटल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. मधे मालाचे ढीग होते, दादा दिसत नव्हता मला. गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन कानालाच होता आणि मला वाटलं, मघाशी दादा 'झालं' म्हणाला. म्हणजे खाली उतरला असेल." त्याने तळवा तोंडावरून फिरवला. "मी ओरडलो नाही, वहिनी. फोन कानाला धरूनच मी हँडल वर केलं."

रस्त्यावरून कोणीतरी मोठ्याने हसत गेलं.

"पुन्हा हात लावण्याआधी त्यांनी टेस्टर लावून बघितलं नव्हतं?" थोरलीने विचारलं. आज शिकलेलीच गोष्ट तिच्या तोंडी आली.

"नाही."

"का?"

"मी खाली होतो म्हणून."

ती एवढा वेळ उभी होती, ती आता स्टुलावर बसली. समोर उघडा पडलेला पंखा, त्याच्या पोटातून अर्धवट गुंडाळलेली तार बाहेर आलेली. ती त्या तारेकडे बघत राहिली.

"तुम्ही विचारलंत, बंद होतं ना," धाकटा म्हणाला. "मी हो म्हटलं. मग तुम्ही विचारलंत, मग कसं झालं. तेव्हा तोंडाला आलं ते बोललो. मला वाटलं, उद्या खरं सांगू. उद्या तुम्ही आणखीनच... मग परवा. मग तुम्ही भिंगरीला मोजायला शिकवलंत."

"आणि तुम्ही मोजलंत!" थोरलीचा आवाज चढला. "तुम्ही वायरमन ना? तुम्हाला माहीत होतं ना, काही उरत नाही ते? बंद इस्त्रीपाशी माझ्या पोरीचं बोट धरून तुम्ही वीसपर्यंत मोजायचात, भाऊजी. जीभ कशी रेटली तुमची?"

"ती एकटी मोजायची ते बघवायचं नाही."

"चूक झाली म्हणाला असतात तर मी छाती पिटली असती, तुमचं तोंड बघितलं नसतं वर्ष दोन वर्षं, शिव्या घातल्या असत्या. आणि मग कधीतरी रडलो असतो दोघं बसून. हातून चूक होते माणसाच्या. पण तुम्ही मला रागावूसुद्धा दिलं नाहीत. केसाने गळा कापलात. मी तुम्हाला गरम वाढत राहिले आणि तुम्ही जेवत राहिलात."

धाकटा रडत होता. आवाज न करता, तोंड वाकडं करून, लहान मुलासारखा. एरवी तिने पाणी आणून दिलं असतं. तिने आणलं नाही, आणि आणावंसं वाटलं ह्याचाच तिला संताप आला.

"आणखी कोणाला माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही," तो पटकन म्हणाला. "आईला तर कळूच देऊ नका, वहिनी. पाया पडतो. तिला नाही सोसायचं."

घराकडे येताना थोरलीने ठरवलं की सासूबाईंना काही बोलायचं नाही. एक मुलगा गेला, तो दुसऱ्याच्या हातून गेला, हे ह्या वयात त्या बाईच्या पदरात कशाला टाकायचं? जे आहे ते आपण पोटात घालू. पुढे काय करायचं, दुकानात पाय ठेवायचा की नाही, त्या माणसाला ताट वाढायचं की नाही, हे सगळं नंतर. पण म्हातारीला त्यात ओढायचं नाही. एवढं ठरल्यावर तिला जरा धरायला काही मिळाल्यासारखं झालं. घरात निदान एक माणूस तरी तिच्यासारखंच फसलेलं होतं.

सासूबाई ओट्याजवळ खाली बसून मटार सोलत होत्या. भिंगरी बाहेर खेळायला गेली होती.

"आलीस? चहा झाकून ठेवलाय. आज काय शिकवलं?"

रोज विचारत त्या. वर्ग सुरू झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. फेज म्हणजे काय, न्यूट्रल म्हणजे काय, फ्यूज का उडतो, सगळं ऐकून घेत. चौथीपर्यंत शिकलेल्या सासूला सुनेच्या अभ्यासाचं एवढं कौतुक, म्हणून थोरलीने ही गोष्ट शिवणवाल्या बाईला अभिमानाने सांगितली होती.

"विशेष नाही," ती म्हणाली. चहाचा कप हातात घेऊन ती समोर बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली, "बंद केलेल्या वायरीत करंट उरत नाही, एवढंच."

सासूबाईंच्या बोटांत एक शेंग अर्धी उघडली होती. ती तशीच राहिली. मग त्यांनी ती पुरी उघडली, दाणे ताटात टाकले, साल बाजूला ठेवलं.

"मग?" त्या खालमानेने म्हणाल्या. "त्याला काही बोललीस का?"

थोरलीला आधी कळलंच नाही. मग तिने हातातला कप खाली ठेवला. तिने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. दुकानाचं काढलं नव्हतं, गोदामाचं काढलं नव्हतं.

"कधीपासून, आई?"

"त्याच दिवशी. इस्पितळातून आल्यावर माझ्या मांडीवर डोकं आपटत होता. मीच म्हटलं, जे बोलून गेलास तेच धर आता. फिरू नकोस."

"आणि रोज मला विचारत होतात, आज काय शिकवलं. मला वाटायचं, कौतुक आहे माझं."

"होतं गं कौतुक."

"मी कुठवर पोचलेय ते बघत होतात तुम्ही."

सासूबाईंनी दुसरी शेंग घेतली, तीही उघडेना, तशीच ताटात टाकली.

"तुला खरं कळलं असतं तर तू पोरीला घेऊन निघून गेली असतीस," त्या म्हणाल्या. "माझा थोरला गेला होता. पाठोपाठ नात गेली असती. आणि हा धाकटा, ह्याने जिवाचं बरंवाईट करून घेतलं असतं. एका दिवसात घर रिकामं झालं असतं माझं. आई म्हणून मी काय करायचं होतं, तूच सांग."

"मला थांब म्हणायचं होतं."

सासूबाईंनी मान वर केली.

"एवढंच म्हणायचं होतं, आई. हात धरून म्हणायचं होतं, असं असं झालंय, तरी थांब. मी थांबले असते." थोरलीला आता रडू आवरेना. "तुम्हाला आई म्हणत होते मी. तो घाबरून बोलला, समजू शकते. तुम्ही विचार करून बोललात. चार वर्षं, रोज, विचार करून."

"अगं, माझे दोन्ही पोटचे..."

"आणि मी?"

म्हाताऱ्या बाईने सालं गोळा करायला घेतली.

बाहेर स्कूटर येऊन थांबली. इंजिन बंद झालं तरी कोणी आत येईना. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. दोघीही उठल्या नाहीत. मग अंगणातून भिंगरीची आरोळी आली, "काका, इथे काय उभे राहिलात? चला ना!" आणि ती त्याला हाताला धरून ओढत आत घेऊन आली. धाकट्याचे डोळे सुजले होते. चपला त्याने दारातच काढल्या, एक सरळ, एक उलटी.

"काका आजारी आहेत का, आई? बोलतच नाहीयेत."

थोरलीने पदराने तोंड पुसलं.

"आजारी नाहीत. भाऊजी, बसा." तिचा आवाज आता अगदी सपाट होता. "आज मला वर्गात जे शिकवलं ते हिला सांगायचंय. तुम्हीच सांगा."

"वहिनी, आज नको."

"मी सांगितलं तर तिला पटायचं नाही. तुम्ही तिच्याबरोबर मोजलंय. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आई मटारांच्या ताटाकडे बघत होती. तो भिंतीला टेकून खाली बसला. भिंगरी त्याच्या पुढ्यात मांडी ठोकून बसली. काका काही सांगायला लागले की ती अशीच बसायची, गुडघ्याला गुडघा लावून.

"बाळा," तो म्हणाला आणि खाकरला. "आपण बटण बंद करतो ना... बटण बंद केलं की वायरीत काही राहत नाही. लगेच हात लावला तरी चालतं."

"लगेच?"

"लगेच."

"मोजायचं नाही?"

"नाही. गरज नाही."

भिंगरीने त्याच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिला हसू फुटलं. "म्हणजे आपण उगाचच मोजत होतो? शाळेत त्या मला वेडी म्हणायच्या ते खरंच की! काका, तुम्ही एवढे मोठे, तुम्हाला पण माहीत नव्हतं?" तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "वेडेच आहात तुम्ही!"

धाकटाही हसल्यासारखा झाला. ते हसू धड ओठांवरही आलं नाही.

भिंगरी अजून हसत होती. हसता हसता तिचा हात त्याच्या गुडघ्यावरच राहिला, आणि ती काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"पण काका," ती म्हणाली, "मग बाबा कसे गेले?"

सासूबाईंच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. धाकट्याने पुन्हा थोरलीकडे पाहिलं. चार वर्षांत घरात काही अडलं की तो तिच्याकडेच बघत आला होता. थोरली उठली, मुलीच्या शेजारी येऊन बसली, आणि तीही त्याच्या तोंडाकडे बघू लागली.